शेजारी ऊस आहे का?

चांदीकाम करणाऱ्या हुपरीच्या माणसाला कॅटलॉग दाखवून काही विकता येत नाही. समोर आलेल्या तुकड्यात चांदी किती आणि भेसळ किती, हे कळल्याशिवाय तिथला व्यवहार पुढे सरकत नाही. टंच म्हणजे शुद्धता काय, घडवताना घट किती जाणार, मजुरी कशी, हे तीन प्रश्न पोर बोलायला लागल्यापासून कानावर पडलेले. त्यामुळे या गावात पाण्याच्या टाक्या बांधायला लागल्यावर मला लवकरच कळलं, की 'चांगलं होईल, काळजी करू नका' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही.

मी डिप्लोमा सिव्हिल. आधी पाण्याच्या टाक्या, शेततळी, कारखान्यांच्या शेड अशी कामं केली. घरच्या अंगणातला पोहण्याचा टँक हे अलीकडचं खूळ. हातकणंगले तालुक्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला पोहायला टँक लागलाच नाही. पाठीला वाळका भोपळा नाहीतर हवाबंद पत्र्याचा डबा बांधायचा, काकाने विहिरीत ढकलायचं आणि वर येताना आपोआप पोहणं यायचं. कोल्हापुरात रंकाळ्याकाठी अंबाई टँक होता, तिकडे शहरातली पोरं जायची. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं, पोहण्यात चोवीस वर्षांनी भारताला पदक मिळालं, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच घरांत पोरांना क्लासला घालायची लाट आली. विहिरी तोवर बुजत चालल्या होत्या, उरल्या त्यांवर जाळ्या बसल्या होत्या. मग ज्यांच्याकडे जागा आणि पैसा, त्यांच्या बंगल्याच्या नकाशात निळा चौकोन दिसायला लागला.

ही गोष्ट अशाच एका चौकोनाची. २०२१ च्या पुरानंतरचा उन्हाळा. रेंदाळच्या रस्त्याला एका चांदी कारखानदारांनी बंगला बांधला होता, त्यांना मी आण्णा म्हणतो. पूर्वी ते धडी उत्पादक होते, म्हणजे व्यापाऱ्याची चांदी घेऊन वजनावर दागिने करून देणारे; आता स्वतःचा पैंजणांचा कारखाना. मुलगा मालाच्या निमित्ताने राजकोट, सेलमपर्यंत फिरतो. तिकडे कुठल्याशा हॉटेलात त्याने फायबरचा टँक बघितला आणि मोबाइलवर फोटो घेऊन आला. गुळगुळीत, निळाशार, फरशी नाही, सांधा नाही. "काका, हे क्रेननं उचलून ठेवतात. आठ दिवसांत पाण्यात. तुम्ही तीन महिने खडी-सिमेंट करत बसणार."

त्याचं चूक नव्हतं. काँक्रीटच्या टँकला खोदाई, पीसीसी, सळई, तळ, भिंती, क्युरिंग, पाणी भरून चाचणी, वॉटरप्रूफिंग, फरशी असं करत अडीच-तीन महिने जातातच. फायबरचं कवच कारखान्यात साच्यावर तयार होऊन येतं. आधी साच्यावर जेलकोट, तोच पुढे आपल्याला दिसणारा गुळगुळीत पृष्ठभाग, त्यामागे रेझिन आणि काचतंतूंच्या चटयांचे थर. जागेवर उरतं ते खड्डा, बिछायत, जोडण्या आणि भराव. शेवाळ त्याला कमी धरतं कारण घोटलेल्या पृष्ठभागाला चिकटायला जागा नसते, फरश्यांच्या फटीही नसतात. लहान मुलांचे गुडघे खरचटत नाहीत. हे सगळं मी मुलाच्या बाजूने आण्णांना सांगितलं.

आण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्यात पैंजण तुटलं तर डागावरच तुटतं. तुमच्या दोन्ही टाक्यांना डाग कुठं कुठं हाईत, ते सांगा आधी."

डाग म्हणजे झाळलेला जोड. टँकवर आजवर ऐकलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. काँक्रीटच्या टँकमध्ये पहिला डाग तळ आणि भिंत मिळतात तिथे. तळाचं काँक्रीट एका दिवशी, भिंतीचं नंतर. मधल्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी नीट धरली नाही तर पाणी तिथूनच वाट काढतं. दुसरे डाग पाइप भिंतीतून जातात तिथले: स्किमर, रिटर्न, तळाची जाळी, दिव्याचा डबा. मी जितके गळके टँक उघडून बघितले, त्यांत तळ फुटलेले थोडे. बहुतेक या तोंडांवर गळत होते. आणि ही तोंडं फायबरलाही असतात.

"पण फायबरला तळ-भिंतीचा सांधा न्हाई," मुलगा म्हणाला.

तेही खरं, पण कवच अखंड आलं तर. त्यांना हवा होता २६ फूट लांब, १३ फूट रुंद. आपल्या रस्त्यांवर मालवाहू गाडीची रुंदी कायद्याने अडीच मीटरच्या आसपास. १३ फूट म्हणजे जवळजवळ चार. एवढं कवच ट्रेलरवर तिरकं उभं करून आणायचं, हायवेवरून कागलला उतरवायचं, तिथून हुपरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, खाली लोंबणाऱ्या तारा आणि आण्णांच्या गल्लीतलं ते काटकोनी वळण. पुरवठादाराने जागा बघितली आणि म्हणाला, दोन तुकड्यांत आणू, इथे जोडू.

"मग डाग आलाच की," आण्णा म्हणाले. मुलगा गप्प बसला.

पण खरा प्रश्न अजून विचारलाच गेला नव्हता. ग्राहक विचारतात काँक्रीट की फायबर. मी विचारतो, शेजारी ऊस आहे का?

आण्णांच्या कंपाउंडला लागून दुसऱ्याचं रान होतं आणि त्यात उसाचा खोडवा उभा होता. मी टँकच्या जागी चाचणीचा खड्डा घ्यायला लावला. वरची सहा-सात फूट काळी, खाली पिवळसर मुरूम. मे महिना, आभाळात ढग नाही, आणि खड्ड्यात साडेचार फुटांवर पाणी पाझरायला लागलं. दोन दिवस आधी शेजाऱ्याने उसाला पाणी पाजलं होतं. पाटाने दिलेलं पाणी पिकाच्या मुळापाशी थांबत नाही; काळ्या मातीतून सावकाश उतरतं आणि मुरमाच्या तोंडाशी तुंबून आडवं सरकतं. पंचगंगेच्या पुराची सगळ्यांना धास्ती असते. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या वर गेलं, इंगळीकडच्या शिवारांचे हाल आम्ही जवळून बघितले. पण टँकला नदीचा पूर लागत नाही. शेजारच्याची मोटर पुरते.

मातीचंही बघायचं होतं. काळी माती फुगते हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत, किती फुगते ते मोजता येतं. वाळवून बारीक चाळलेली दहा ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, आणि चोवीस तास ठेवायची. रॉकेलने चिकणमातीचे कण फुगत नाहीत, पाण्याने फुगतात. दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे मातीचा फुगवटा. दहा ग्रॅम अचूक तोलायला मला दुसरीकडे काटा शोधावा लागला नाही. आण्णांच्या कारखान्यातला काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत बोलतो. रॉकेल मात्र मिळेना. रेशनवरचं बंद झाल्यापासून ते औषधालाही सापडत नाही. शेवटी कारखान्यातल्याच एका जुन्या कॅनमध्ये थोडं निघालं.

दुसऱ्या दिवशी कारागीर काम सोडून बघायला जमले. रॉकेलमधली माती अकराच्या रेघेवर, पाण्यातली एकोणिसाच्या. म्हणजे सत्तर टक्क्यांच्या वर फुगवटा. पन्नासच्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो. एक म्हातारा कारागीर म्हणाला, "मातीचा टंच काढला की वो तुमी!" त्यानंतर मला त्या कारखान्यात काही पटवून द्यावं लागलं नाही.

ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगून बाजूने दाबते. भरलेल्या टँकमध्ये आतलं पाणी भिंतीला टेकू देतं. रिकाम्या टँकला आतून टेकू नाही, बाहेरून फुगलेली माती. फायबरची भिंत लवचीक असते, थोडं हलणं ती काँक्रीटपेक्षा चांगलं सोसते, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. पण लवचीक म्हणजे वाकणारी. एके ठिकाणी मी फायबरच्या टँकची लांब बाजू मधोमध आत आलेली बघितली आहे. भराव खोदलेल्या काळ्या मातीनेच केला होता, मालकाने साफसफाईसाठी पावसाळ्यात पाणी काढलं होतं. फायबरभोवती भराव बारीक खडीचा नाहीतर क्रश सँडचा हवा, आणि आत पाणी जसं चढेल तसाच बाहेर भराव चढवायचा, दोन्ही बरोबरीने. हे एक काम घाईने झालं की आठ दिवसांत टँक देणाऱ्याचं श्रेय जातं आणि पुढे निस्तरायला आम्हाला बोलावलं जातं.

आता वर उचलण्याचं. आण्णांना वजनाची भाषा कळते म्हणून मी कागदावर वजनंच मांडली. टँकमध्ये पाणी साधारण ४३ हजार लिटर, म्हणजे ४३ टन. टँक रिकामा असताना बाहेरचं भूजल काठापर्यंत आलं, तर ते टँकला तितक्याच जोराने वर ढकलणार. फायबरच्या कवचाचं वजन टन-दीड टन. ते तरंगणार, यात गणिताची गरजच नाही.

"आणि काँक्रीट जड. ते कशाला हालतंय?" आण्णांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

इथे मी थांबवलं, कारण हा गैरसमज इंजिनिअरांमध्येही आहे. आठ इंची तळ आणि आठ इंची भिंती धरल्या तर काँक्रीट तेरा घनमीटरच्या आसपास, वजन ३२-३३ टन, फरशी-गिलावा धरून ३५. पण त्याच जाडीमुळे टँक जमिनीत जागाही जास्त व्यापतो. वर ढकलणारा जोर आता ४३ नाही, ५६ टनांचा. पस्तीस विरुद्ध छप्पन्न. काँक्रीटही उठतं. कडेच्या मातीचं घर्षण थोडं धरून ठेवतं, पण फुगलेल्या-आकसलेल्या काळ्या मातीवर त्याचा भरवसा मी ठेवत नाही. जुन्या कामांत पावसाळ्यात एका कोपऱ्याने चार इंच वर आलेला काँक्रीटचा टँक मी बघितला आहे. मालकाला वाटत होतं जमीन खचली.

आण्णांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. नंतर कळलं, त्यांनी तो दुसऱ्या एका ठेकेदाराला दाखवून पडताळून घेतला होता.

म्हणजे दोन्हींना उपाय एकच: बाहेरचं पाणी चढू द्यायचं नाही. तळाखाली खडीचा थर, त्यात भोकं पाडलेला पाइप, तो बाजूच्या छोट्या सम्पमध्ये, सम्पमध्ये तरंगता स्विच लावलेला पंप. तळात एक हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, बाहेरचा दाब वाढला की पाणी आत घेणारा. त्या दिवशी टँक घाण होतो, पण उठत नाही. एवढं केलं की मग काँक्रीट की फायबर हा प्रश्न उरतो तो सोयीचा, पैशाचा आणि पुढे दुरुस्ती कोण करणार याचा.

या शेवटच्या मुद्द्यावर आण्णांचं काँक्रीट ठरलं. फरशी निघाली तर हुपरीतला कुठलाही गवंडी बसवेल. फायबरच्या जेलकोटला फोड आले, आणि हलक्या रेझिनमधून पाणी आत शिरलं की ते येतात, तर घासून, वाळवून, योग्य रेझिनने भरणारा माणूस बाहेरून बोलवावा लागतो. पाण्याला तोंड देणारा थर व्हिनाइल एस्टर रेझिनचा असेल तर हा त्रास बराच कमी होतो, पण तो थर आहे की नाही हे तयार कवचाकडे बघून ओळखता येत नाही. ज्याचा टंच बघता येत नाही ते घ्यायचं नाही, असं आण्णांचं मत. मला ते थोडं कडक वाटलं. चांगले फायबरवाले कापलेला नमुना दाखवतात, थर मोजून देतात.

एक त्यांच्या आईचाही मुद्दा होता. आज्जींना पोहायचं नव्हतं, गुडघ्यांसाठी पाण्यात चालायचं होतं. रुंद, ठेंगण्या पायऱ्या आणि कडेने धरायला दांडी हवी होती. साच्यातून निघालेल्या कवचाच्या पायऱ्या असतील तशा घ्याव्या लागतात. काँक्रीटमध्ये आज्जींचं पाऊल मोजून पायरी बांधली.

अमेरिकेत घरचे बरेच टँक काँक्रीटचा फवारा मारून करतात. त्या फवाऱ्याचं यंत्र, सिमेंट गन, कार्ल एकली नावाच्या माणसाने काढलं, १९११ मध्ये पेटंट मिळालं. आणि हा गृहस्थ संग्रहालयासाठी मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा. आमच्याकडे फवारा नाही, शटरिंग. टाकीच्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० बघायचं: किमान एम-३० प्रत, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या आत. कागदावर लिहायला सोपं. प्रत्यक्षात माल घट्ट वाटला की मिस्त्री बादलीभर पाणी ओततो, नळी हातात असलेला पोरगा आणखी थोडं. भिंती भरल्या त्या दिवशी मी पाण्याच्या बॅरलशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. व्हायब्रेटर दोन ठेवले, एक बंद पडणार हे गृहीत धरून. बंद पडलाच.

क्युरिंग झाल्यावर फरशीच्या आधी टँक भरून सात दिवस ठेवला. पाणी उतरलं की सगळे गळती गळती म्हणून ओरडतात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला पाच ते आठ मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. म्हणून पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीत आणि टँकमध्ये दोन्हीकडे पातळीची खूण करायची. दोन्ही सारखं उतरलं तर सूर्याचं काम, टँक जास्त उतरला तर आपलं. आण्णांनी घट हा शब्द इथेही लावला, आणि ही चाचणी त्यांना फारच आवडली.

पाणी शुद्ध करायची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "चांदीनं पाणी शुद्ध होतंय म्हणं. आमच्याकडं चांदी कमी हाय काय?" होतं, हे खरं. चांदीचे आयन जिवाणू मारतात. १९६० च्या दशकात नासाने अपोलो यानांतल्या पाण्यासाठी असं उपकरण तयार केलं होतं, आणि टँकसाठी तांबे-चांदीचे आयनायझर बाजारात मिळतात. पण प्रमाण लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास. ४३ हजार लिटरला सगळी मिळून दोन ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. आण्णा खूप हसले. "एक जोडवं पण व्हायचं न्हाई त्यात." शिवाय चांदी सावकाश मारते, थोडं क्लोरिन लागतंच. आणि क्लोरिन आलं की आमच्या गावाची वेगळीच अडचण: चांदीवर क्लोरिनने थर धरतो आणि उजेडात तो काळवंडतो. पहिल्या रविवारी आण्णांची नात पायात पैंजण घालून पाण्यात उतरली. थोड्याच दिवसांत पैंजण मळकट दिसायला लागलं. तेव्हापासून पंपघराच्या भिंतीवर खिळा आहे आणि पाण्यात जाणाऱ्याने दागिने तिथे अडकवायचे असा नियम.

माझं म्हणणं काँक्रीटच घ्या असं नाही. पुढच्या वर्षी यळगूडच्या बाजूला माळावर एकाने घर बांधलं. पायाखाली मुरूम, जवळपास ओलिताचं रान नाही, आठ फुटांपर्यंत खड्डा कोरडा ठाक, आणि ट्रेलर थेट खड्ड्यापाशी. त्यांना दहा फूट रुंदीचं अखंड कवच चालणार होतं. मी स्वतः फायबर सुचवलं. तळाखालचा पाइप आणि सम्प तिथेही घातला. माळावर आज ओलीत नाही म्हणून उद्या कुणी उपसा योजना आणणार नाही असं नाही.

आण्णांच्या टँकशेजारी मी भोकांचा सहा इंची पाइप जमिनीत उभा सोडला आहे. दोरीला वजन बांधून आत सोडायचं, ओलं किती झालं ते मोजायचं. माळीबाबा दर सोमवारी आकडा वहीत लिहितात. त्या वहीत पावसाळा दिसतो आणि शेजाऱ्याची पाण्याची पाळीही दिसते. मोटर चालू झाल्यावर पाणी दीड-दोन फूट वर सरकतं. मध्ये शेजाऱ्याने नवी लागण ठिबकवर केली, तर ती चढण जवळजवळ गेली. शेजाऱ्याला आपल्या उसाची नोंद पलीकडे होते हे माहीत नाही.

परवा फेब्रुवारीत आण्णांच्या मुलाचा फोन आला. फरशीवर क्षार बसलाय, टँक रिकामा करून घासायचा आहे, करू का?

"पाइपात पाणी कितीवर आहे?"

"थांबा, माळीबाबांना विचारतो." मागे माळीबाबांची हाळी ऐकू आली. "सात फुटाच्या खाली हाय काका."

"सम्पचा पंप चालू करून बघा आधी. चालला तर करा रिकामा. आणि चार दिवसांत परत भरा."